लग्नाच्या लेहेंग्याचं फिटिंग: लांबी सगळ्यात शेवटी, आधी बाकीचं

लेहेंग्याचं फिटिंग बिघडते तेव्हा बहुतेक वेळा दोष टेलरच्या हाताचा नसतो, कामाच्या क्रमाचा असतो. पोरगी लेहेंगा घरी आणते, घालून आरशासमोर उभी राहते, पहिले लक्ष खाली जाते आणि आई म्हणते लांब होऊन राहिला, दोन इंच कमी करून आण. तो कापून येतो. मग कंबर सैल वाटते म्हणून ती घट्ट करतात, घट्ट केली की लेहेंगा वर बसतो, मग कोणीतरी सुचवते कॅनकॅन (घेर फुलवायला आतून लावतात तो कडक जाळीचा थर) लाव, त्यानं घेर फुलतो आणि काठ आणखी वर जातो, आणि शेवटी हिल्स येतात तेव्हा घोटे दिसायला लागतात. कापलेलं परत जोडता येत नाही, मग खाली लेस लाव, पट्टी लाव, असे उद्योग सुरू होतात.

म्हणून हे सगळं क्रमानं लिहून राहिले. साक्षगंध, संगीत किंवा रिसेप्शनसाठी रेडीमेड किंवा अर्धवट शिवलेला लेहेंगा-ब्लाउज घेतला आहे आणि तो अंगावर नीट बसवायचा आहे, असं धरून चाला. शालूवरचा ब्लाउज आणि नवरदेवाची शेरवानी शेवटाकडे थोडक्यात आहे.

१. आधी कॅलेंडर, मग टेलर

तारीख उलटी मोजायची. पहिली ट्रायल लग्नाच्या साधारण दीड महिना आधी, दुसरी दोन-तीन आठवडे आधी, आणि शेवटची मेहंदीच्या चार-पाच दिवस आधी. मेहंदी लागल्यावर ट्रायल अजिबात नको, फिक्या रंगाच्या कापडावर मेहंदीचा डाग पडला की तो निघत नाही.

तुळशीच्या लग्नानंतरची तारीख असेल तर काम दिवाळीच्या आधीच टेलरच्या हातात पडलं पाहिजे. दिवाळीआधी त्यांच्याकडे ब्लाउजचे ढीग असतात, दिवाळीत कारागीर गावी जातात, आणि परत येतात तोवर सगळ्या नवऱ्या एकदमच दारात उभ्या. एप्रिल-मेची तारीख असेल तर गर्दी तशीच, वरून ४५ डिग्रीत भर दुपारी नागपूरच्या इतवारी बाजारात फिरायची हौस कोणाला नसते, सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या जा.

डाएट करून राहिल्या असाल तर ऐका. "पाच किलो उतरवणारच आहे, आताच टाइट करून ठेवा" असं टेलरला कधीच सांगू नका. आज जे अंग आहे त्याचं माप द्यायचं. वजन खरंच उतरलं तर शेवटच्या ट्रायलला दोन टाके आत घेणं दहा मिनिटांचं काम आहे, नाही उतरलं तर सैल करायला आत कापड शिल्लक पाहिजे.

आणि लेहेंगा उसवायच्या आधी दुकानाची पावती काढून बघा, बदलून देण्याची मुदत किती आहे ते. एक शिवण जरी उघडली तरी दुकानदार परत घेत नाही. साइजच दोन नंबर मोठा असेल तर अल्टरेशनच्या भानगडीत न पडता बदलून आणलेला बरा.

२. बॅग भरा, रिकाम्या हातानं जाऊ नका

टेलरकडे नुसता लेहेंगा घेऊन जाणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. माप तुमच्या अंगाचं नाही, त्या दिवशी तुम्ही जे काही घालणार त्या सगळ्याचं असते. बॅगेत काय काय पाहिजे:

- त्या दिवशी घालणार तीच इनर. पॅडेड घालणार, स्ट्रॅपलेस घालणार, की ब्लाउजमध्येच कप शिवून घेणार, हे आधी ठरवा. कप बदलला की छातीचं माप सहज इंचभर इकडे तिकडे होते आणि उंचीही बदलते.
- शेपवेअर घालणार असाल तर तो. नंतर "वाटलं तर घालीन" चालत नाही, त्यानं कंबर आणि सीट (नितंबांचा भाग) दोन्हीचं माप बदलते.
- हिल्स. तशाच उंचीच्या दुसऱ्या नको, त्याच पाहिजेत.
- कॅनकॅन वेगळा असेल तर तो.
- दुपट्टा, दोन असतील तर दोन्ही.
- गळ्यातला मोठा हार आणि बाजूबंद, निदान त्यांचे फोटो.
- जी बहीण किंवा मैत्रीण त्या दिवशी हुक आणि डोऱ्या बांधणार, तिलाच सोबत न्या.

हिल्सबद्दल एक गोष्ट बहुतेक जणी विसरतात. आपल्याकडे विधी अनवाणी होतात. शालूत विधी आणि लेहेंग्यात रिसेप्शन असेल तर प्रश्न नाही, पण लेहेंगा घालूनच पाटावर बसणार असाल किंवा साक्षगंधात ओवाळणी अनवाणी होणार असेल तर तीन इंची हिल्सवर मापलेला लेहेंगा तिथं पायात येतोच येतो. अशा वेळी दीड-दोन इंचाच्या ब्लॉक हिल्स घ्या, म्हणजे काढल्यावर फरक झेपण्याइतका राहतो. टोकदार हिल्स तशाही लॉनच्या गवतात रुततात.

घरून निघायच्या आधी लेहेंगा उजेडात पसरून फोटो काढा, जवळून. कुठं मोती पडला आहे, कुठं धागा निघाला आहे, नेटला कुठं ओढ आहे, सगळं. नंतर "हे आधीच होतं" की "तुमच्याकडे झालं" हा वाद होत नाही.

३. उलटा करा आणि माया मोजा

टेलरला काही विचारायच्या आधी ब्लाउज आणि लेहेंगा उलटा करून आतली माया बघा, म्हणजे शिवणीच्या आत दाबून ठेवलेलं जास्तीचं कापड, टेलर त्याला मार्जिन म्हणतो. सैल करता येईल की नाही हे यावरच ठरते, टेलरच्या "हो जाएगा दीदी, टेन्शन मत लो" वर नाही.

हिशोब सोपा आहे. ब्लाउजला दोन बाजूच्या शिवणी, प्रत्येक शिवणीला पुढचं आणि मागचं अशी दोन कापडं, म्हणजे एकूण चार कडा. प्रत्येक कडेला एक इंच माया असेल तर अर्धा इंच शिवणीसाठी ठेवायचा आणि अर्धा इंच सोडायचा, चार कडांचे मिळून दोन इंच वाढले. अर्धाच इंच माया असेल तर जवळजवळ काहीच वाढत नाही, ती ओढून ताणून वाढवली तर स्टेजवर शिवण सुटते.

अस्तराची माया पण बघा. वरच्या कापडात इंचभर आणि अस्तर काठोकाठ कापलेलं, असं रेडीमेडमध्ये खूप सापडते. तेव्हा अस्तराला बाजूनं पट्टी जोडावी लागते, होते ते, पण आधी माहीत पाहिजे.

कापड कोणतं हे तर नीटच बघा. रॉ सिल्क, टिश्यू, ऑर्गेन्झा, वेलवेट, सॅटिन यांच्यावर जुन्या शिवणीची सुईची भोकं दिसतात. आत घेताना ती भोकं आत जातात म्हणून चालते, सैल करताना ती बाहेर येऊन रेघ दिसते. जॉर्जेट आणि कॉटन सिल्क त्यातल्या त्यात माफ करतात. आधी काखेखाली, हात टेकल्यावर झाकलं जाते तिथं, इंचभर उसवून बघा. रेघ दिसली तर सैल करण्याचा नाद सोडा आणि पुढं पाचव्या टप्प्यात दिलेला बगलेच्या पट्टीचा उपाय करा.

⚠ माया कापायची नाही. आत घेतल्यावर "जाड लागते" म्हणून काही टेलर जास्तीचं कापड कापून ओव्हरलॉक मारून देतात. काम देतानाच सांगा, कापू नका, आत दुमडून हातानं टाका. हा ब्लाउज पाच वर्षांनी भाच्याच्या लग्नात घालायचा आहे की नाही?

४. कोणाकडे द्यायचा

तीन प्रकारचे लोक असतात. पँटची लांबी कमी करून देणारे अल्टरेशनवाले, नेहमीचे लेडीज टेलर, आणि ज्यांच्याकडे हातकामाचा कारागीर बसतो असे बुटीकवाले. साध्या जॉर्जेटच्या लेहेंग्याला नेहमीचा टेलर उत्तम, तुमचं अंग त्याला पाठ असते. जरदोसी, कटदाणा, मोत्यांचं भरगच्च काम असेल तर हातकाम करणारा पाहिजेच, कारण शिवणीच्या रेषेवरचे मणी आधी हातानं काढावे लागतात, मग मशीन चालते, मग तेच मणी परत टाकावे लागतात. मण्यांवरूनच मशीन फिरवली तर सुई मोडते, मणी फुटतात आणि शिवण वाकडी जाते.

दुकानाच्या "फ्री अल्टरेशन" बद्दल माझं मत चांगलं नाही. तिथं बहुधा दोन बाजूंनी सरळ टीप मारून देतात, खांद्याला आणि मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाला, कोणी हात लावत नाही. नेमकं खांद्याचंच काम असेल तर पैसे देऊन बाहेर करा.

टेलरला विचारायचं एवढंच: शिवणीवरचे मणी काढून शिवणार का? कच्चे टाके घालून ट्रायल देणार का? काम इथंच होणार की बाहेर पाठवणार? दुसऱ्या प्रश्नाला "सीधा फायनल कर देंगे" असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा.

पावतीवर "फिटिंग" एवढंच लिहून घेऊ नका. खांदा पाव इंच वर, छाती एकूण एक इंच आत, कंबरेला बेल्ट, लांबी दुसऱ्या ट्रायलनंतर, असं एकेक लिहून घ्या, ट्रायलची तारीख आणि एकूण पैसे पण. सुटे मणी आणि उरलेलं कापड परत द्यायचं हेही लिहा.

५. ब्लाउज: खांद्यापासून खाली

इथं वेळ घालवा, कारण फोटोत सगळं वरचंच दिसते आणि बिघडते पण इथंच. क्रम असा: खांदा, मुंढा, छाती, खालची पट्टी, आणि मग बाही. वरून खाली. मधूनच छातीपासून सुरुवात केली की पुढं खांदा उचलताना केलेलं सगळं हलते.

*खांदा.* खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाला संपली पाहिजे. गळा मोठा असेल आणि ब्लाउज घसरत असेल तर खांद्याच्या शिवणीत पाव-अर्धा इंच घेतात. पण लक्षात घ्या, खांदा उचलला की गळा वर येतो, मुंढा लहान होतो आणि टक्सचं (छातीला आकार द्यायला कापड चिमटून घातलेल्या शिवणीचं) टोक पण वर सरकते. म्हणून हे काम पहिले. उचलल्यावर टक्सचं टोक किंवा प्रिन्सेस कटची, म्हणजे छातीवरून खाली जाणाऱ्या लांब शिवणीची, रेघ नेमक्या जागी येते का बघा, नाही आली तर टक्स उसवून नव्यानं घालायला सांगा. टोक वर राहिलं की समोरून विचित्र टोकदार दिसते आणि कितीही प्रेस करा, बसत नाही.

*मुंढा.* हात वर केला की पूर्ण ब्लाउज वर उचलला जातो, अशी तक्रार घेऊन गेलं की टेलर बाही सैल करून देतो. चूक. मुंढा जास्त खोल असला की असं होते, बाही सैल करून काही फरक पडत नाही. मुंढा थोडा वर आणायला खांदा उचलावा लागतो किंवा काखेत चौकोनी जोड, म्हणजे बगल, टाकावी लागते. उलट मुंढा घट्ट असेल, काखेत रुतत असेल, तर खालून थोडं थोडं कापतात. एका वेळी पाव इंचाच्या वर नाही, घालून बघायचं, लागलं तर परत.

*छाती.* आरशात सुरकुत्या वाचायला शिका, टेलरशी बोलणं सोपं जाते. हुकांपासून आडव्या रेघा ओढल्यासारख्या दिसल्या तर घट्ट आहे. उभी चुणी पडली तर सैल. काखेकडून छातीकडे तिरपी चुणी असेल तर बाजूनं आत घेऊन उपयोग नाही, तिथं टक्स कमी पडून राहिला.

आत घ्यायचं असेल तर दोन्ही बाजूंनी सारखं. एकाच बाजूनं घेतलं की समोरची बुट्टी मधून सरकते आणि ते फोटोत पहिले दिसते. एकूण दोन इंचाच्या वर आत घ्यायचं असेल तर सगळं बाजूच्या शिवणीत ढकलू नका, थोडं टक्समध्ये, थोडं मागच्या बाजूला वाटून घ्या, नाहीतर मुंढाही आवळतो.

माया नसेल आणि घट्ट होत असेल तर दोन रस्ते. काखेपासून खालपर्यंत बगलेत पट्टी टाकायची, कापड लेहेंग्याच्या आत दुमडलेल्या भागातून किंवा सोबत आलेल्या ब्लाउजपीसमधून काढायचं, हात खाली असला की ती दिसत नाही. त्याच कापडातलं काही उरलं नसेल तर लेहेंग्याचा तुकडा घेऊन गांधीबाग-इतवारीकडे मॅचिंग शोधा, पण रंग दिवसाच्या उजेडात दुकानाबाहेर येऊन लावून बघा, आतल्या लाइटमध्ये मरून आणि वाइन रंग सारखेच दिसतात. दुसरा रस्ता म्हणजे मागची चेन किंवा हुक काढून दोन्ही बाजूंना लूप लावून डोरीनं बांधायची पाठ करणे, आत त्याच रंगाची पट्टी देऊन. यात दोन-तीन इंच आरामात मिळतात, आणि मला विचाराल तर लग्नासाठी हाच प्रकार चांगला, जेवणानंतर डोरी सैल करता येते.

*खालची पट्टी.* छातीखालची किंवा कंबरेजवळची खालची पट्टी अंगाला लागूनच पाहिजे, आत दोन बोटं जातील एवढी. ब्लाउज जागेवर धरून ठेवते ती हीच. ही सैल आणि छाती घट्ट असेल तर दिवसभर खाली ओढत बसावं लागते.

*बाही.* कोपर वाकवून बघा. बाहीवर बाजूबंद घालणार असाल तर तो लावूनच बघा. हिरवा चुडा कोपरापर्यंत भरणार असाल तर पाऊण बाहीच्या काठावरचं जरीकाम बांगड्यांना अडकते, आतून मऊ पट्टी लावून घ्या, नाहीतर संध्याकाळपर्यंत हातावर ओरखडे.

मे महिन्याचं लग्न असेल तर याच वेळी काखेत घामाचे कॉटनचे पॅड टाकून घ्या, आणि पॉलिएस्टरचं अस्तर असेल तर निदान पाठ आणि काखेचा भाग मलमलनं बदलता येतो का विचारा. डिसेंबर-जानेवारीत उलटं होते: रात्री लॉनवर थंडी वाजते म्हणून आयत्या वेळी आतून थर्मल चढवतात आणि मग हुक लागत नाहीत. थर्मल घालायचा असेल तर ट्रायललाही घाला.

६. कच्चे टाके आणि हलून बघणे

वरचं सगळं आधी कच्च्या टाक्यात. टाचण्या लावून नुसतं उभं राहून "हो, बरोबर आहे" म्हणू नका. उभं राहून सगळंच बरोबर असते. खालचं एकेक करून बघा, टेलरच्या दुकानात लाज वाटली तरी:

- दोन्ही हात पूर्ण वर. हार घालायच्या वेळी नवरदेवाला त्याचे मित्र उचलणारच आहेत, तिथं मुंढा कळतो.
- कमरेतून वाकून नमस्कार. समोरचा गळा सुटतो का, मागून ब्लाउज वर जातो का.
- खाली मांडी घालून बसा, आणि मग कोणाच्या हाताशिवाय उठा.
- खुर्चीवर दहा मिनिटं बसा. खालची पट्टी पोटात रुतते का ते दहा मिनिटांनीच कळते.
- खोल श्वास घ्या, जोरात हसा.
- संगीतचा डान्स बसवला असेल तर त्यातली दोन पावलं करा, फिरून पण.

ट्रायलला उपाशी पोटी जाऊ नका. जेवून जा. लग्नाच्या दिवशी पंगतीत आग्रह होतो, घास भरवतात, त्यानंतरही तासन्‌तास फोटो असतात. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंग थोडं सुजते, ती तारीख लग्नाच्या जवळ येत असेल तर छातीत अर्धा इंच जास्तीचा ठेवायला सांगा.

हे सगळं जमलं की पक्की टीप. त्याच्या आधी नाही.

७. लेहेंग्याची कंबर

आता खाली यायचं. पहिला निर्णय: लेहेंगा नेमका कुठं बांधणार? बेंबीवर की दोन बोटं खाली? एक जागा ठरवा आणि तिथं खूण करा, कारण ट्रायलला वर आणि लग्नात खाली बांधला की सगळी लांबी चुकते.

भरीव कामाचा लेहेंगा पाच-सहा किलोचा सहज असतो. एवढं वजन नुसत्या नाडीवर राहत नाही, तासाभरात घसरतो आणि मग समोरून पायात येतो. त्यासाठी नेफ्याच्या आत दोन इंच रुंद कडक बेल्ट शिवून घ्या, त्याला दोन-तीन जागी मोठे हुक, आणि वरून नाडी. बेल्ट वजन धरतो, नाडी फक्त सोबतीला. हुकाच्या दोन ओळी लावून घेतल्या, इंचभर अंतरानं, तर जेवणानंतर दुसऱ्या ओळीत जाता येते.

कंबर कमी करताना चुण्या घालून नेफ्यात कोंबू नका, पोटावर जाड गोळा होतो. कळीदार (वर अरुंद, खाली रुंद अशा पट्ट्या जोडून शिवलेला) लेहेंगा असेल तर दोन-चार कळ्यांच्या शिवणीत थोडं थोडं घ्यायचं, वरून सुरू करून सीटपर्यंत निमुळतं. सगळं एकाच कळीत घेतलं तर घेर एका बाजूला लटकतो.

कॅनकॅन लावायचा असेल तर याच टप्प्यावर, लांबीच्या आधी. अस्तराला लावा, वरचा झालरीचा भाग सीटच्या खाली सुरू झाला पाहिजे, कमरेपासूनच सुरू केला तर कमरेवरच फुगून जाड दिसते. आणि त्याची लांबी लेहेंग्यापेक्षा दोन-तीन इंच कमी, नाहीतर चालताना खालून डोकावतो, पायाला टोचतो तो वेगळाच.

८. आता लांबी

गोल घेराचा किंवा तिरप्या कापडाचा लेहेंगा असेल तर माप घ्यायच्या आधी एक रात्र कंबरेला चार-पाच क्लिपा लावून टांगून ठेवा. तिरपं कापड स्वतःच्या वजनानं लोंबते आणि सगळीकडे सारखं लोंबत नाही. ही रात्र वाचवली तर कापून झाल्यावर काठ लाटेसारखा वरखाली होतो. फार जड कामाचा असेल तर एका रात्रीच्या वर टांगू नका, कामाला ताण बसतो.

माप कंबरेपासून खाली घ्यायचं नाही, जमिनीपासून वर घ्यायचं. बहुतेकांची एक बाजू थोडी उंच असते, कंबरेपासून मोजलं की काठ तिरपा येतो. हिल्स घाला, कॅनकॅन घाला, ब्लाउज आणि बेल्ट लावा, सरळ उभ्या राहा, समोर बघा. तुम्ही फिरायचं नाही, टेलरनं पट्टी घेऊन भोवती फिरायचं. खाली वाकून "किती झालं" बघितलं की समोरचा काठ खाली येतो आणि माप तिथंच चुकते. म्हणून सोबतची बहीण बघेल, तुम्ही नाही.

समोर जमिनीपासून अर्धा ते पाऊण इंच वर. बाजूला आणि मागं जमिनीला टेकता टेकता. स्टेजच्या पायऱ्या चढताना समोरचा भाग पायात येतो, मागचा नाही. खूण झाल्यावर कच्चा दुमडून दुकानात चाला, एखादी पायरी चढा, पायानं घेर पुढं ढकलत चालायची सवय करा.

खाली जरीचा काठ असेल तर कापायचं कुठून, हा मोठा प्रश्न. खालून कापला तर काठच जातो. दोन मार्ग आहेत. वरून, म्हणजे नेफा काढून कापायचं आणि परत नेफा लावायचा. यात काठ जसाच्या तसा राहतो, पण वरून कापल्यावर कंबरेचा घेर वाढतो कारण कळ्या खाली रुंद होत जातात, तो परत कळ्यांत घ्यावा लागतो, आणि बाजूची चेन पण खाली सरकवावी लागते. म्हणजे सातव्या टप्प्याचं कंबरेचं काम परत उघडते. त्यामुळं वरून कापायचं आहे असं पहिल्या ट्रायललाच दिसलं तर कंबर कच्चीच ठेवायला सांगा, लांबी आणि कंबर एकदम पक्की होईल. कंबरेजवळच बुट्ट्या सुरू होत असतील तर वरून किती जाणार आणि कोणती बुट्टी अर्धी कापली जाणार ते खडूनं आखून बघा. दुसरा मार्ग, काठ उसवून वर उचलून लावायचा आणि मधलं कापड दुमडायचं. वेळ आणि पैसे जास्त लागतात पण वरचं काम जसंच्या तसं राहते.

⚠ इंचभराच्या आतला फरक असेल तर कापूच नका. आत दुमडून हातशिलाई. लेहेंगा पुढं बहिणीलाही घालता येतो.

९. दुपट्टा लावून परत एकदा

दुपट्टा फिटिंगमध्ये कोणी धरत नाही, पण जड दुपट्टा खांद्यावर पिन केला की ब्लाउजचा खांदा मागं ओढतो आणि समोरचा गळा वर चढतो. डोक्यावरून घेणार असाल तर अजूनच. म्हणून दुपट्टा पिन करून परत आरसा. ओढत असेल तर खांद्याच्या आतून इनरच्या पट्टीसाठी टिचबटणाचे लूप लावून घ्या, ब्लाउज जागेवर राहतो. नेटच्या दुपट्ट्याला थेट पिन टोचू नका, पिन लागणार तिथं आतून कापडाचा छोटा तुकडा शिवून घ्या, पिन त्यात.

१०. शालूचा ब्लाउज आणि नवरदेव

शालूच्या ब्लाउजला फक्त एक जास्तीची काळजी: पदराचं वजन डाव्या खांद्यावर येते, म्हणून ट्रायल साडी नेसून, निदान पदर खांद्यावर घेऊन. शिवलेली नऊवारी घेतली असेल तर मांडी घालून बसून बघा, ताण येतो तो मांडीत आणि सीटमध्येच.

शेरवानीत खांदा बसला पाहिजे, बाकी सगळं होते. खांदा मोठा असेल तर घेऊच नका, तो कमी करणं म्हणजे अर्धी शेरवानी उसवणं. बंद गळ्यात एक बोट गेलं पाहिजे. बाही मनगटाच्या हाडापर्यंत. आणि नवरदेवालाही खाली बसवून बघा, चुडीदार गुडघ्यात अडकतो.

११. शेवटची ट्रायल आणि घरी आल्यावर

घ्यायला जाल तेव्हा दुकानातच पूर्ण घाला, पिशवीत घालून आणू नका. उलटा करून टाचण्या राहिल्या का बघा, हात फिरवून. सगळे हुक एकदा ओढून बघा. पावतीवरचं एकेक काम तपासा, मग उरलेले पैसे द्या. आणि सोबतच्या बहिणीला तिथंच एकदा डोऱ्या बांधायला लावा, तिला वेळ किती लागतो ते कळते आणि कोणती डोरी कुठं जाते याचा व्हिडिओ काढून ठेवा, त्या दिवशी ती स्वतः तयार होत बसलेली असू शकते.

घरी वेलवेटवर इस्त्री टेकवायची नाही, उलट बाजूनं वाफ. जरीवर पण वरून मलमलचा कपडा ठेवून उलट्या बाजूनं. परफ्यूम कपडे घालायच्या आधी अंगावर, जरीवर उडाला की ती काळी पडते.

एका छोट्या डब्यात त्याच रंगाचा दोरा ओवलेल्या दोन सुया, चार जास्तीचे हुक, लहान मोठ्या सेफ्टी पिना, कात्री, दुहेरी चिकटपट्टी आणि टेलरनं परत दिलेले मणी. हा डबा ब्युटीशियनच्या सामानात नको, ती निघून जाते, डोऱ्या बांधणारीच्या पर्समध्ये ठेवा.